वारा कुठून आला?

मागच्या डिसेंबरात एका लग्नासाठी घाटंजीला गेलो होतो. पुण्याहून निघायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, मग यवतमाळला उतरून पुढे चाळीसेक किलोमीटर. पहाटे पोचलो तर गावाबाहेर कुणीतरी पऱ्हाट्या पेटवलेल्या. अंगणात चहा घेत उभा होतो आणि तो धूर बघत होतो. धूर थोडासा वर गेला, मग जणू कुणीतरी डोक्यावर हात ठेवल्यासारखा थबकला आणि आडवा पसरत गेला. झाडांच्या शेंड्याएवढ्या उंचीवर एक सपाट, निळसर चादर. खाली धुवारी, वर धूर.

काकांना म्हटलं, धूर वर का जात नाहीये?

"काहून जाईल? थंडी पडली की धूर असाच बसते. ऊन तापलं की उठते."

साडेनऊच्या सुमाराला खरंच उठला. आधी ती चादर फाटली, धूर एकदम खाली आला, अंगणातल्या मंडळींना ठसका लागला, आणि मग दहा मिनिटांत सगळं साफ.

काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यावर गेल्या शंभर वर्षांत जगभर भरपूर कागद खर्ची पडलाय. आणि त्यातला बराच कागद अणुभट्ट्यांसाठी. कारण प्रश्न तोच आहे : चिमणीतून (किंवा चिमणी नसलेल्या भगदाडातून) काहीतरी हवेत सुटलं, तर ते कुठे जाईल, किती पातळ होईल आणि कुणाच्या अंगणात उतरेल? मी काही अणुशास्त्रज्ञ नाही, साधा सॉफ्टवेअरवाला. पण परत आल्यावर दोन-तीन वीकेंड यात गेले. त्याची ही गोष्ट.

गोष्टीची सुरुवात मात्र जराही पवित्र नाही. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्यासाठी त्यांना योग्य वाऱ्याची वाट बघत थांबावं लागलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात लूसच्या लढाईत ब्रिटिशांनी क्लोरीन सोडला, तर काही ठिकाणी वाऱ्याने दगा दिला आणि वायू त्यांच्याच सैनिकांवर उलटला. वारा हा शस्त्राचा भाग आहे हे तेव्हा लष्कराला कळलं. १९१६ मध्ये इंग्लंडात पोर्टन डाऊन इथे प्रयोगशाळा निघाली. पुढे तिथेच सटन आणि पास्क्विल यांच्यासारखी हवामानशास्त्रज्ञ मंडळी ‘धूर कसा पसरतो’ याचं गणित मांडत बसली. १९२१ मध्ये जी. आय. टेलर यांनी हवेतल्या भोवऱ्यांमुळे कण कसे विखुरतात याचा पाया घातला होता, १९३२ मध्ये सटन यांनी त्यावर इमारत चढवली.

गणिताचा गाभा सोपा आहे. धूर वाऱ्याबरोबर पुढे जातो आणि जाताजाता आडवा आणि उभा पसरतो. कोणत्याही अंतरावर त्या धुराचा उभा छेद घेतला, तर मधोमध दाट आणि कडेला विरळ, म्हणजे आपली कॉलेजातली घंटेच्या आकाराची गाऊसची वक्ररेषा. म्हणून याला गाऊसियन प्लूम मॉडेल म्हणतात. जमिनीवरचं प्रमाण काढायला पाच गोष्टी लागतात : दर सेकंदाला किती सुटतंय, वाऱ्याचा वेग, चिमणीची उंची आणि दोन ‘सिग्मा’, म्हणजे धूर किती आडवा पसरला आणि किती उभा.

पहिल्या तीन गोष्टी मोजता येतात. खरी मेख त्या दोन सिग्मांमध्ये आहे. ते कुठून आणायचे?

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओ’नील नावाच्या गावाजवळ, गवताच्या सपाट माळावर, संशोधकांनी मुद्दाम सल्फर डायऑक्साइड सोडला आणि ५० मीटरपासून ८०० मीटरपर्यंतच्या अर्धवर्तुळांवर नमुने गोळा केले. दिवसा, रात्री, निरनिराळ्या हवेत. ‘प्रेअरी ग्रास’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. मग १९६१ मध्ये पास्क्विल यांनी एक तक्ता छापला. मला विचाराल तर तो तक्ता हीच या सगळ्या विषयातली खरी युक्ती.

त्यांनी हवेचे सहा वर्ग केले, ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत. ‘ए’ म्हणजे भर दुपारचं कडक ऊन आणि मंद वारा, जमीन तापून हवा वर-खाली उसळतेय. ‘डी’ म्हणजे ढगाळ, भरपूर वारा, ना उसळी ना दबाव. ‘एफ’ म्हणजे निरभ्र थंड रात्र, वारा जेमतेम, जमीन आकाशाकडे उष्णता फेकून गार झालेली, खाली गार हवा आणि वर उबदार हवेचं झाकण. थोडक्यात काय, घाटंजीची डिसेंबरातली पहाट म्हणजे ‘एफ’.

आणि वर्ग ओळखायला काय लागतं? दहा मीटर उंचीवरचा वारा, दिवसा ऊन किती कडक आहे आणि रात्री आकाश किती ढगाळ आहे. बस्स. कुठलंही खास यंत्र नको. जगातली कोणतीही साधी वेधशाळा या नोंदी करतेच. अमेरिकेतल्या गिफर्ड यांनी याच कामाला सिग्मांचं सोयीचं रूप दिलं आणि ‘पास्क्विल-गिफर्ड’ ही जोडी जगभरच्या अणुकेंद्रांच्या फायलींमध्ये जाऊन बसली.

फरक किती पडतो ते बघा. जमिनीलगत काहीतरी गळतंय, वारा सेकंदाला २ मीटर, आणि तुम्ही वाऱ्याच्या रेषेत १ किलोमीटरवर उभे आहात. ‘ए’ वर्गात सिग्मा साधारण २१० आणि ४५० मीटर निघतात. ‘एफ’ वर्गात ३४ आणि १४. गुणाकार करून भागाकार केला तर त्याच गळतीची तीव्रता रात्री दुपारच्या सुमारे दोनशे पट. गळती तीच, वारा तोच, अंतर तेच. फक्त घड्याळात वेगळे वाजलेत.

आता गंमत अशी की चिमणी शंभर मीटर उंच असेल तर हिशोब उलटतो. ‘एफ’ वर्गात धूर उभा पसरतच नाही, त्यामुळे तो १ किलोमीटरवर आपल्या डोक्यावरून एखाद्या पट्ट्यासारखा निघून जातो, जमिनीवर जवळजवळ काहीच येत नाही. धोका असतो तो सकाळी, ऊन चढून झाकण फुटतं तेव्हा. रात्रभर वर साठलेलं सगळं एकदम खाली. अंगणातला तो ठसका आठवतोय ना? शास्त्रात त्याला ‘फ्युमिगेशन’ असं नाव आहे. आपल्याकडे नाव नाही, ठसका आहे.

हे सगळं कागदावर चाललेलं असतानाच खरी परीक्षा झाली. १० ऑक्टोबर १९५७, इंग्लंडचा विंडस्केल. अणुभट्टीच्या गाभ्याला आग लागल्याचं त्या दिवशी लक्षात आलं. चिमण्यांच्या माथ्यावर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हट्टाने गाळण्या बसवून घेतल्या होत्या, लोक त्यांना ‘कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणून हसायचे. त्या वेडेपणाने बरंचसं अडवलं. पण आयोडीन-१३१ निसटलं, गवतावर बसलं, गाईंनी ते खाल्लं आणि दुधात उतरलं. आधी आसपासच्या दोन मैलांतल्या दुधावर बंदी आली, मग ती वाढत वाढत सुमारे ५०० चौरस किलोमीटरपर्यंत गेली. मधल्या काळात वाराही फिरला होता. गोल वर्तुळ आखून भागत नाही, वारा वर्तुळ मानत नाही, हा धडा तिथे मिळाला.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे वाऱ्याच्या नोंदींना तोटा नव्हता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८६४ चं कलकत्त्याचं वादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांनी सरकारला जागं केलं आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. पुढे त्याचं मुख्यालय शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. पुण्यातल्या वाचकांनो, आपण ज्याला रोज ट्रॅफिकसाठी शिव्या घालतो त्या शिमला ऑफिस चौकाचं नाव तिथूनच आलंय. :)

पण या खात्याचा जन्म पाऊस आणि वादळांसाठी झालेला. बऱ्याच वेधशाळांमध्ये नोंद दिवसातून दोनदा, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. पावसाच्या हिशोबाला ते पुरतं. पण पहाटे तीन वाजता काय चाललंय, खारा वारा नेमका किती वाजता सुरू झाला, हे त्यात दिसत नाही. आणि अणुभट्टीला नेमकं तेच हवं असतं.

४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला ‘अप्सरा’ सुरू झाली. १० जुलै १९६० ला तिथेच ‘सायरस’ सुरू झाली, ४० मेगावॉटची, कॅनडाच्या मदतीने बांधलेली. सायरसच्या गाभ्याभोवतीच्या ग्राफाइटला गार करायला हवा खेळवत. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो. तो न्यूट्रॉन गिळून आर्गॉन-४१ होतो, म्हणजे किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य पावणेदोन-दोन तासांचं, आणि तो कशाशी संयोग करत नाही, म्हणून गाळणीत अडकत नाही. त्याला चिमणीतून वर सोडायचं आणि पातळ होऊ द्यायचं. हा अपघात नव्हे, रोजचा व्यवहार. म्हणजे सायरस सुरू झाल्यापासून ती ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद होईपर्यंत, चालू असताना तुर्भ्याच्या वाऱ्याचा हिशोब ठेवणं भागच होतं.

आणि तुर्भ्याची जागा म्हणजे नेब्रास्काच्या बरोबर उलट. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला तीनेकशे मीटरचा डोंगर, चिमणीहून उंच. दुपारी पश्चिमेकडून येणारा खारा वारा डोंगरावरून उडी मारून खाली आपटतो, रात्री जमिनीवरचा वारा उलटा फिरतो. ८०० मीटर सपाट गवतावर काढलेले सिग्मा इथे आंधळेपणाने लावले तर काय होईल? आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग एका मशीनवर, प्रॉडक्शन दुसऱ्याच ग्रहावर. म्हणून स्वतःचा मनोरा उभारायचा, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वारामापक आणि तापमापक बसवायचे आणि चोवीस तास नोंद करायची, याला पर्याय नव्हता. वर आणि खालच्या तापमानातला फरक घेतला की झाकण आहे की नाही ते थेट कळतं, ढग मोजत बसावं लागत नाही.

मग तारापूर. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. यात गाभ्यात तयार झालेली वाफच थेट टर्बाइनला जाते, त्यामुळे इंधनाच्या नळ्यांना चीर पडली तर झेनॉन आणि क्रिप्टॉनसारखे वायू वाफेबरोबर बाहेर येतात. ते कंडेन्सरमधून काढायचे, थोडा वेळ अडवून ठेवायचे म्हणजे अल्पायुषी असतील ते तिथेच संपतात, आणि उरलेले गाळून उंच चिमणीतून सोडायचे. किती सोडायचं याची मर्यादा कशी ठरते? उलट्या बाजूने. कुंपणाबाहेरच्या माणसाला वर्षभरात जास्तीत जास्त किती मात्रा चालेल ते आधी ठरवायचं (सगळे मार्ग मिळून आज ही मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे) आणि मग वर्षभराच्या वाऱ्यावरून मागे येत चिमणीच्या तोंडाशी आकडा लिहायचा. म्हणजे त्या परवानगीच्या आकड्यात युरेनियमइतकाच वाराही आहे.

त्यासाठी एक भलामोठा तक्ता करतात. सोळा दिशा, सहा वर्ग, वाऱ्याच्या वेगाचे टप्पे. वर्षाच्या ८७६० तासांपैकी प्रत्येक तास या कप्प्यांपैकी एकात टाकायचा. पावसाळ्यात नैर्ऋत्य-पश्चिमेचा जोरदार वारा, वर पावसाने धुऊन काढलेली हवा. थंडीत रात्री जमिनीवरून समुद्राकडे. दुपारी समुद्रावरून आत. समुद्रावरची शांत हवा तापलेल्या जमिनीवर शिरली की किनाऱ्यापासून काही अंतरावर तीच खाली आपटायची भानगड, फ्युमिगेशन, भर दुपारी. घाटंजीत ते सकाळी साडेनऊला होतं, किनाऱ्यावर ऊन आहे तोवर चालू राहू शकतं. स्थानिक नोंदी का हव्यात त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

हे सगळं हाताने, मग तेव्हाच्या कॉम्प्युटरवर करणाऱ्यांत आपली माणसं होती. १९८८ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने हवेतून होणाऱ्या उत्सर्जनाची मात्रा कशी काढायची याची एक पुस्तिका काढली, अहवाल क्रमांक १४१२. लेखक हुक्कू, बापट आणि शिरवईकर. भारतातल्या अणुकेंद्रांच्या पर्यावरणावरच्या शोधनिबंधांमध्ये तिचा संदर्भ आजही येत राहतो. आपण ज्यांची नावं घेतो ती मंडळी रिअॅक्टर बांधणारी. वाऱ्याचे तक्ते करणाऱ्यांना कोण विचारतं? असो.

एक अडचण मला कोड लिहिताना कळली. सूत्रात वाऱ्याचा वेग भाजकात आहे. वारा शून्य झाला की? डिव्हाइड बाय झीरो! पहिल्याच रात्री प्रोग्राम आपटला. आधी वाटलं डेटा खराब आहे. डेटा बरोबर होता. आपल्याकडे थंडीच्या रात्री तासन् तास वारा पडलेला असतो, आणि जुन्या वारामापकांची वाटी फिरायलाही थोडा जोर लागतो, त्याखालचं सगळं ‘शांत’ म्हणून नोंदलं जातं. ज्या तासांना धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच तासांना सूत्र हात वर करतं. त्या तासांचा हिशोब निराळाच करावा लागतो.

हे केवळ गणित नाही हे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये दिसलं. तिथे अणुभट्टी नव्हती, कीटकनाशकाचा कारखाना होता. पण थंडीची रात्र, मंद वारा, वर झाकण आणि वाऱ्याच्या वाटेवर झोपलेली वस्ती. मिथाइल आयसोसायनेट हवेहून जड, तो जमिनीलगतच राहिला. हीच गळती एप्रिलच्या दुपारी झाली असती तर? असा प्रश्न मनात येतो आणि मग त्याचं उत्तर काढायची इच्छा होत नाही.

आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना त्याच्या वर्षभर आधीची, १५ नोव्हेंबर १९८३ ची. अणुकेंद्राभोवती आपल्याकडे वर्तुळं आखलेली असतात. पूर्वीच्या नियमाप्रमाणे १.६ किलोमीटरच्या आत कुणी राहायचं नाही, ५ किलोमीटरपर्यंत वस्तीची वाढ आटोक्यात, १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीची योजना. (१.६ म्हणजे एक मैल आणि १६ म्हणजे दहा मैल, आकडे कुठल्या मापात विचार करून आले ते कळतंच.) वर्तुळं योजना करायला ठीक. पण प्रत्यक्ष दिवशी कुणाला कुठे न्यायचं ते वारा सांगतो.

आणि वाऱ्याने सांगितलेलं कुणी ऐकलं नाही तर काय होतं, त्याची गोष्ट जपानची.

थ्री माइल आयलंडच्या १९७९ च्या अपघातानंतर जपानने ‘स्पीडी’ नावाची यंत्रणा उभी करायला घेतली. स्थानिक वारे, डोंगरदऱ्या, सगळं घेऊन पुढच्या काही तासांत किरणोत्सार कुठे जाईल ते नकाशावर दाखवायचं. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाची वीज गेली, आणि किती सुटतंय हे मोजणारी यंत्रंही गेली. स्पीडीला इनपुटच मिळेना. मग तासाला एक एकक सुटतंय असं गृहीत धरून ती चालवली. आकडा खोटा, पण दिशा खरी. एवढं पुरे होतं. मात्र ‘अचूक नाही’ म्हणून ते नकाशे वेळेवर लोकांपर्यंत पोचलेच नाहीत, पहिला नकाशा जाहीर झाला २३ मार्चला.

तोवर काय झालं होतं? पहिल्या दिवसांत वारा बराचसा समुद्राकडे होता, हे नशीब. १५ मार्चला तो फिरला, आग्नेयेकडून वायव्येकडे वाहू लागला, त्यात पाऊस आणि बर्फ. सगळं वायव्येला उतरलं. नामिए गावाचे लोक किनाऱ्यापासून दूर, म्हणजे सुरक्षित, असं समजून त्सुशिमा भागात जाऊन थांबले होते. त्सुशिमा वायव्येला. तिथून पुढचं इताते गाव तर ठरवलेल्या वर्तुळाच्या बहुतांशी बाहेर, ते रिकामं करायचा आदेश निघाला २२ एप्रिलला.

हे वाचलं त्या रात्री मी माझा प्रोग्राम बंद करून बसलो होतो. कारण त्याच दिवशी मला माझ्या कोडमधला एक बग सापडला होता. यवतमाळच्या वाऱ्याच्या नोंदी घेऊन मी एक काल्पनिक चिमणी आणि तिचा धूर नकाशावर काढत होतो. चित्र छान येत होतं, रंगबिरंगी. दोन दिवस मी ते मित्रांना दाखवत फिरलो. मग लक्षात आलं की धूर उलट्या बाजूला जातोय. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून आला ती. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. मी तो पश्चिमेकडे पाठवला होता. १८० अंशांची चूक, एका ओळीची दुरुस्ती, आणि चित्र दोन्ही वेळेला तितकंच देखणं. शाळेत पाचवीत शिकलेली गोष्ट! माझ्या चुकीने कुणी कुठे गेलं नाही. पण असा नकाशा खऱ्या रात्री कुणाच्या हातात असता तर?

आज भारतात हा विषय त्या तक्त्यांच्या बराच पुढे गेलाय. भाभा केंद्राने ‘आयरोडॉस’ नावाची यंत्रणा तयार केली. ती हवामानाच्या अंदाजाचं मॉडेल आणि प्रसाराचं मॉडेल जोडते. देशभर किरणोत्सार मोजणाऱ्या केंद्रांचं जाळंही आहे. चेर्नोबिलने १९८६ मध्ये शिकवलंच होतं की प्रश्न दहा मैलांचा नसतो. २६ एप्रिलच्या स्फोटाची जगाला चाहूल लागली ती २८ एप्रिलला स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात, हजारेक किलोमीटरवर, एका कामगाराच्या बुटांवर. आणि मग वारा उलटा चालवत मागे गेलं की उगम सापडतो. कुठून आला, हाच प्रश्न पुन्हा.

आता शेवटचं. घाटंजीपासून तारापूर सहाशे किलोमीटर. मग मी हे तिथे बसून का विचार करावा?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकांबरोबर शेतात गेलो होतो. कोपऱ्यात फवारणीचा पंप ठेवलेला. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती, बॅटरीवरचे जोरदार पंप आले होते, तोंडाला फार तर रुमाल. नीट बघितलं तर ही तीच समीकरणं आहेत. उत्सर्जनाचं ठिकाण नाकाच्या उंचीवर, अंतर शून्य, आणि दोन्ही बाजूंना कपाशीच्या भिंती असल्यामुळे वाराही शून्य. भाजकात शून्य.

आणि योगायोग बघा, त्याच २०१७ मध्ये राज्यात ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला. महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि हो, वारासुद्धा. पीकविम्याचे हिशोब या नोंदींवर होतात. तुर्भ्याच्या लोकांना ज्यासाठी मनोरे उभारावे लागले तसा आकडा आज तालुक्यातल्या मंडळांत रोज तयार होतो. स्पीडीची गोष्ट वाचल्यावर आता मला आकडा आहे की नाही हा प्रश्न पुरेसा वाटत नाही. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला तो फवारणीच्या आधी, त्याच्या भाषेत कळतो का, हा खरा प्रश्न.

काकांना विचारलं, तुम्ही कसं ठरवता कधी मारायचं ते?

त्यांनी बोंडातून चिमूटभर कापूस काढला, हात उंच करून सोडला. तंतू हलकेच उजवीकडे गेले. "हिकडून येऊन राह्यला. म्हणजे ह्या अंगानं सुरू कराचं. पाठीवर घ्याचा वारा, तोंडावर नाही."

"आणि वारा नसला तर?"

"तं मग चांगलंच की. कुठं उडत नाही."

इथे मी थांबलो. कारण पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यात बारीक थेंब उडत नाहीत हे खरं, पण विरतही नाहीत. तिथेच तरंगत राहतात आणि माणूस त्यातूनच चालत जातो. वर्ग ‘एफ’. मग मी त्यांना आदल्या सकाळच्या धुराची आठवण करून दिली, तो आडवा बसलेला. त्यांनीच सांगितलेली गोष्ट त्यांनाच परत.

काका थोडा वेळ पंपाकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे धूर उठला की मंगच माराव म्हणतं."

मराठीत ‘वारा पाहून पाठ फिरवणं’ हे काही कौतुकाने म्हटलं जात नाही. पण पुढच्या हंगामात घाटंजीत कुणी ते अक्षरशः केलं तर मला फार बरं वाटेल.